छातीवरचा पट्टा जीव कसा वाचवतो?

मंडईत माल भरलेल्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला की टोमॅटोचे क्रेट पुढे सरकतात. गाडी थांबते, माल थांबत नाही. माणसाच्या शरीराचेही तसेच होते. ताशी 50 किलोमीटर वेगातील गाडी समोर धडकली, तर तो वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. हात टेकून तो धक्का कोणालाही पेलत नाही. छाती स्टिअरिंगवर आदळते, बरगड्या मोडतात, फुफ्फुसाला व हृदयाला इजा होते.

4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर धडकली. मागे बसलेल्या मिस्त्री व जहांगीर पंडोल यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, तरी मागच्यांचा जीव वाचला नाही.

आजचा तीन ठिकाणी धरणारा पट्टा 1959 मध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोहलिन यांनी आणला. भरलेली पिशवी सुतळीने उचलली तर बोटे कापतात, रुंद पट्ट्याने उचलली तर तेच वजन सोसते. सीट बेल्टही धक्का खांद्याचे हाड, छातीचा पिंजरा व कमरेचे हाड यांवर वाटून देतो. तरीही जोराच्या धडकेत पट्ट्यानेच बरगडी मोडू शकते, विशेषतः वयस्कर माणसांची. म्हणून अनेक नव्या गाड्यांत दोन सोयी असतात. एक, धडक होताच पट्ट्यातील ढिलेपणा ओढून घेणारी. दुसरी, छातीवर ताण फार वाढला की पट्टा थोडा सैल सोडणारी. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याऐवजी नाही.

पट्टा नीट लावणे आपल्या हाती आहे. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून व छातीच्या मधोमध घ्यावा. तो काखेखालून घेतला तर खालच्या बरगड्या, यकृत व प्लीहा यांवर मार बसतो. खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदर भगिनींनी तो पोटाच्या खालून घ्यावा. पट्टा पिळलेला नसावा. तो सैल राहावा म्हणून चिमटा लावू नये.

अपघातानंतर छातीवर पट्ट्याचा आडवा काळानिळा वळ दिसला, श्वास घेताना दुखू लागले, धाप लागली किंवा पोट दुखले, तर घरी हळद लावून थांबू नका. आत रक्तस्राव असू शकतो. 108 ला फोन करा, ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात दाखवा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे पुढे येताना भिऊ नका.

1 जानेवारीला भीमा कोरेगावला, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला आपण भाड्याच्या गाड्या करून जातो. बेल्ट न लावल्यास कायद्याने 1000 रुपये दंड आहे आणि नियम मागच्या सीटलाही लागू आहे. पट्टा न लावलेला मागचा माणूस धडकेत पुढच्याच्या पाठीवर आदळतो, आणि पुढच्याची छाती दुहेरी दाबली जाते. म्हणून आम्ही सुचवतो की गाडी ठरवतानाच चालकाला विचारावे, "दादा, मागचे पट्टे चालू आहेत ना?" सीटखाली दडपलेले पट्टे बाहेर काढून घ्यावेत. जितके पट्टे, तितकीच माणसे बसवावीत.