बोटीवरची नऊ वर्षे आणि ऑस्ट्रेलियाचे गुण

प्रश्न : मी रत्नागिरीचा, वय ३६. मुंबई विद्यापीठाची मेकॅनिकल पदवी, त्यानंतर जीएमई. क्लास टू सीओसी (क्षमता प्रमाणपत्र) आहे आणि सध्या बल्क कॅरिअरवर सेकंड इंजिनिअर आहे. बायको-मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियात कायमचे जाण्याचा विचार आहे. अंधेरीचा एक एजंट म्हणतो, की नऊ वर्षांच्या अनुभवावर ६५ गुण सहज होतात. ‘स्किल असेसमेंट’चे पत्र आले की नोकरी लागल्यातच जमा, असेही त्याचे म्हणणे आहे. सी-टाइम कमी पडला तर एखाद्या कंपनीचे पत्र ‘करून देतो’ म्हणतो. सीडीसीच्या (नाविकाच्या नोंदपुस्तकाच्या) पानांचे फोटो सोबत पाठवत आहे. काय करावे?

उत्तर : सीडीसीची पाने पाठवलीत ते फार चांगले केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे. एजंटने तुम्ही पहिल्यांदा बोटीवर चढलात त्या तारखेपासून आजपर्यंतची नऊ वर्षे धरली. मी साईन ऑन आणि साईन ऑफचे शिक्के एकेक करून मांडले. पहिले दोन करार ज्युनिअर इंजिनिअर म्हणून, हातात सीओसी नसतानाचे. ते वगळून क्लास फोर मिळाल्यापासूनचा समुद्रावरचा काळ पाच वर्षे दोन महिने भरतो. मधले महिने तुम्ही घरी होतात, कधी कोर्सला, कधी परीक्षेला, कधी पुढच्या कराराची वाट पाहत.

आता गुणांकडे वळू. वय ३३ ते ३९ असल्यास २५ गुण मिळतात, पदवीचे १५. परदेशातल्या कुशल कामाचा अनुभव मागच्या दहा वर्षांतलाच धरतात. पाच वर्षे पुरी झाली पण आठ झाली नाहीत तर १० गुण, आठ किंवा जास्त असतील तर १५. तुमचे १० होतात. आयईएलटीएसच्या चारही भागांत ७ आले तर आणखी १०. एकूण ६०. किमान मर्यादा ६५ आहे, म्हणजे एजंटच्या हिशेबातले पाच गुण तुमच्याकडे नाहीतच.

घरी असलेला काळ आपोआप मोजला जाईल, असे धरून चालू नका. ऑस्ट्रेलियाच्या नियमात आठवड्याला किमान २० तासांचे पगारी काम लागते. एखाद्या करारात सुट्टीचा पगार चालू होता आणि तुम्ही कंपनीच्या नोकरीतच होतात, तर तसे कंपनीकडून तारखांसह लिहून घ्या आणि पगाराच्या नोंदी जोडा. ज्या करारात साईन ऑफबरोबर पगार थांबला, तिथे कोरा काळ कोराच राहू द्या.

पत्र ‘करून देण्या’चे नावही काढू नका. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे आढळले तर व्हिसा नाकारला जातो, आणि पुढची तीन वर्षे ती नोंद आड येते. अर्जात बायको-मुलीची नावे असतील तर त्यांनाही ती भोवते. शिवाय तुमचा सी-टाइम एकट्या तुमच्या कपाटात नसतो. जहाजावर माणसे पाठवणाऱ्या परवानाधारक (आरपीएसएल) कंपन्या साईन ऑन-साईन ऑफच्या नोंदी तुमच्या इंडॉस या ओळख क्रमांकावर डीजी शिपिंग या सरकारी नौवहन खात्याच्या यंत्रणेत भरतात. तिथली तारीख एक आणि पत्रातली दुसरी, हे कुणाच्याही लक्षात येईल. ज्या सीओसीवर घर चालते तिलाच धोका होईल. पाच गुणांसाठी हे करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ते पाच गुण सरळ मार्गाने मिळू शकतात. पत्नीने इंग्रजीची परीक्षा देऊन चारही भागांत ६ मिळवले तर तुमच्या खात्यात ५ जमा होतात. तुम्ही स्वतः चारही भागांत ८ आणलेत तर १० ऐवजी २० मिळतात. तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी उडी इथेच आहे, म्हणून पुढच्या साईन ऑफनंतरचे दोन महिने अभ्यासाला द्या. कंपन्या घेतात ती मार्लिन्स टेस्ट इथे चालत नाही. राज्याने शिफारस केली (१९० क्रमांकाचा व्हिसा) तर ५ गुण वाढतात, ४९१ या प्रादेशिक व्हिसाला १५. पण ६५ झाले की निमंत्रण आलेच, असे नसते. जास्त गुणवाले पुढे जातात. शिवाय तुमचा पेशा त्या वेळी कोणत्या यादीत आहे, यावर कोणता व्हिसा मागता येईल हे ठरते. यादी बदलते, म्हणून पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी ती सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा.

आता ‘असेसमेंट’विषयी. जहाजावरच्या इंजिनिअर, मास्टर आणि ऑफिसर या पेशांसाठी हे मूल्यमापन ऑस्ट्रेलियाची सागरी सुरक्षा संस्था करते. बोटीवरचे लोक तिला ॲम्सा म्हणतात, मुख्यालय कॅनबेरात आहे. तुमची सीओसी आणि सी-टाइम पाहून ही व्यक्ती त्या पेशाची आहे, एवढे ती व्हिसा खात्याला सांगते. सीओसीची मुदत संपत आली असेल तर आधी ती वाढवून घ्या. एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ती पाच वर्षांची असते, आणि नूतनीकरणाला त्या काळात साधारण बारा महिने समुद्रावर काढलेले असावे लागतात. मूल्यमापन साधारण तीन वर्षे चालते, आणि निमंत्रण येईल त्या दिवशी ते जिवंत असावे लागते. म्हणून इंग्रजीचा निकाल हातात नसताना घाईने ते करून ठेवू नका.

मूल्यमापनाच्या पत्रावर ऑस्ट्रेलियन झेंड्याच्या जहाजावर इंजिन वॉच मात्र घेता येत नाही. त्यासाठी ॲम्साकडूनच तुमच्या भारतीय सीओसीला मान्यतेचे वेगळे प्रमाणपत्र लागते. पनामा किंवा लायबेरियाच्या जहाजावर जाताना तुम्ही एंडॉर्समेंट घेता, तोच प्रकार. टग किंवा फेरीवर काम करायचे तर देशांतर्गत नौकांचे प्रमाणपत्र निराळे. बंदरातल्या सुरक्षित भागात वावरायला सागरी सुरक्षा ओळखपत्र हवे. पोर्ट हेडलंडला लोखंडाचे खनिज भरायला जाताना तुम्ही काढलेला क्रू व्हिसा यातल्या कशालाच उपयोगी नाही.

शेवटची गोष्ट एजंट सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. ऑस्ट्रेलियन झेंड्याची मोठी मालवाहू जहाजे फार थोडी आहेत. तिथल्या किनाऱ्यावरचा बराच माल परदेशी जहाजे तात्पुरत्या परवान्यावर वाहतात. कायम वास्तव्य मिळवून तुम्ही पुन्हा परदेशी कंपनीच्या बोटीवरच राहिलात, तर पाच वर्षांनी अडचण येते. प्रवासाची मुभा पाच वर्षांची असते, आणि पुढच्या पाच वर्षांची परवानगी मागताना मागच्या पाचांत दोन वर्षे ऑस्ट्रेलियात राहिल्याचे दाखवावे लागते. सहा महिने बोट आणि तीन महिने घर, या हिशेबात ती दोन वर्षे भरत नाहीत, प्रत्येक सुट्टी तिथेच काढली तरी. ४९१ घेतलात तर प्रादेशिक भागातच राहणे आणि काम करणे बंधनकारक आहे. वर्षातले सात-आठ महिने खोल समुद्रात असणाऱ्याने हा व्हिसा मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑफशोअर, बंदर किंवा जहाजदुरुस्तीत उतरण्याची खरी तयारी असेल तरच पुढे जा. आणि वय चाळीस झाले की वयाचे गुण २५ वरून १५ वर येतात. तुमच्याकडे साडेतीन वर्षे आहेत.

प्रश्न : मुलगा नुकताच सेकंड मेटची परीक्षा पास झाला. एका कार्यालयाने ‘ऑस्ट्रेलियन कंपनीच्या जहाजावर थर्ड ऑफिसर’ म्हणून जागा देतो सांगून तीन लाख रुपये मागितले आहेत. द्यावेत का? — एक वडील, वास्को

उत्तर : देऊ नका. भारतात जहाजावर माणसे पाठवणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना असावा लागतो. नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणे २०१६ च्या भरती नियमांनुसार आणि २००६ च्या सागरी कामगार करारानुसार बेकायदा आहे. वैद्यकीय तपासणी, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा मुलाने करावा. परवान्याचा क्रमांक मागून घ्या आणि डीजी शिपिंगच्या यादीत तपासा. क्रमांक नसेल किंवा पैशांचा आग्रह सुरूच राहिला, तर झालेले मेसेज आणि पावत्या जपून ठेवून डीजी शिपिंगकडे लेखी तक्रार करा, आणि फसवणुकीची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यातही द्या.