निरनिराळ्या भाज्या व फळे का खावीत?



आपल्याला काम करायला ताकद लागते. ती भाकरी, चपाती, भात यांतून मिळते. अंग वाढायला डाळ, कडधान्ये, दूध, अंडी लागतात. पण एवढ्याने भागत नाही. जीवनसत्त्वे आणि क्षारही लागतात. ते थोडेच लागतात, पण रोज लागतात. त्यातले पुष्कळसे भाज्या व फळे यांतून मिळतात.

सगळे काही एकाच भाजीत नसते. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला अशा पालेभाज्यांत लोह असते. रक्त तयार व्हायला लोह लागते. गाजर, पिकलेली पपई, तांबडा भोपळा, आंबा यांतून 'अ' जीवनसत्त्व मिळते. ते फार कमी पडले तर दिवस मावळल्यावर दिसत नाही. त्याला रातांधळेपणा म्हणतात. आवळा, पेरू, लिंबू यांत 'क' जीवनसत्त्व असते. पेरूत तर ते संत्र्यापेक्षाही जास्त असते. शिवाय भाजीतल्या चोथ्याने पोट साफ राहते. म्हणून रोज तीच ती भाजी खाऊ नये.

पूर्वी गलबतावरच्या खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग व्हायचा. हिरड्यांतून रक्त यायचे, माणसे मरायची. त्यांना जेवण होते, पण महिनोन्महिने ताजी भाजी आणि फळे नव्हती. 1747 साली जेम्स लिंड या डॉक्टरांनी 12 आजारी खलाशी घेतले. त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. एका जोडीला संत्री व लिंबे दिली. तेच दोघे सगळ्यांत लवकर बरे झाले. त्यातला एक तर सहा दिवसांत कामावर गेला!

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. ताईला विचारूनच लिहीत आहे.

आमच्या मळ्यात मेथी, वांगी, गवार होते. पण बाजाराच्या दिवशी सगळं माळवं तालुक्याला जायचं. घरी बटाट्याची भाजी, नाहीतर चटणी-भाकरी. माझी ताई आठवीत आहे. ती सारखी दमायची. विहिरीवरून येताना दोनदा खाली बसायची. आम्ही तिला आळशी म्हणून चिडवायचो. मग तपासणीत तिचे रक्त 9 भरले. ते 12 तरी पाहिजे. मला फार वाईट वाटले.

नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आईला विचारले, "पोरगी पालेभाजी खाते का?" आई म्हणाली, "बाई, पिकते लई, पण घरात राहत न्हाई." मी म्हटलं, लाल बीट खाल्लं की लाल रक्त होतं ना? त्या हसल्या. म्हणाल्या, "रंगावर जाऊ नको. पालेभाजी खा, वर लिंबू पिळ. लिंबामुळे भाजीतले लोह अंगी लागते. आणि जेवल्यावर लगेच चहा पिऊ नका, चहामुळे ते कमी लागते."

घरी अण्णा म्हणाले, "एका पेंडीचे दहा रुपये येतात." आज्जी म्हणाली, "आन् पोरीचं रक्त कुठल्या बाजारात मिळतंय?" अण्णा काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून पाटी भरायच्या आधी ते दोन पेंड्या घरात ठेवतात.

तीन महिन्यांनी ताईचे रक्त 11 भरले. मी विचारले, हे गोळीने झाले की भाजीने? नर्सबाई म्हणाल्या, "दोन्हीने. गोळ्या बंद होतील, भाजी बंद करायची नाही."

जागतिक आरोग्य संघटना सांगते की दहा वर्षांपासून पुढच्या सर्वांनी रोज निदान 400 ग्रॅम भाज्या व फळे खावीत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांनी 350 ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी 250 ग्रॅम खावीत. यात बटाटा धरत नाहीत! मी एक दिवस माझी भाजी आणि पेरू तराजूत घालून पाहिले. 180 ग्रॅमच भरले. म्हणजे मलाही अजून खायला पाहिजे.

लक्षात ठेवा :
1. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर जीवनसत्त्वे पाण्यात जातात.
2. रोज एक पालेभाजी व एक फळभाजी खावी.
3. फळ महाग पाहिजे असे नाही. पेरू, बोरे, जांभळे, आवळे, सीताफळे आपल्या गावातच मिळतात.
4. सांडपाण्यावर शेवगा, पपई लावावी.
5. ताटात भाजी टाकू नये. (हे मी मलाही सांगतो. मला कारले आवडत नाही.)

पालकहो, माळवं बाजारात जरूर न्या. पण आधी घरची पेंडी बाजूला काढा.

इयत्ता चौथी