स्तनांचा भार आणि विम्याचा कागद

मान आखडते, खांदे भरून येतात, ब्राच्या पट्ट्यांचे वळ उठतात, स्तनांखाली घामाने कातडी सोलते. वस्तीतल्या कितीतरी भगिनी हे सोसतात, पण लाजेने बोलत नाहीत. आम्ही स्पष्ट सांगतो, हे नटण्याचे खूळ नव्हे, हे दुखणे आहे. स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया हा त्यावरचा मान्य उपचार आहे.

विमा याचे पैसे देतो का? आरोग्य विम्यात केवळ रूपासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी बसत नाही. मात्र आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती गरजेची आहे, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिले, तर दावा करता येतो. अट कडक आहे, म्हणून सारी भिस्त कागदांवर आहे.

केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून जपा. ऑपरेशनआधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या. नकार आला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नाशिककरांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे फी लागत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी आधी ईएसआय दवाखान्यात दाखवावे. रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारा.

दुखणे अंगावर काढू नका. स्तनात गाठ लागली, तर एक दिवसही थांबू नका.