समदर्शन आणि पशूंची आश्रयस्थाने

गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात पंडिताच्या समदृष्टीचे वर्णन करताना तीन पशूंची नावे आली आहेत : गाय, हत्ती आणि कुत्रा. एक पूज्य मानलेला, एक राजवैभवाचे चिन्ह झालेला, आणि एक उंबरठ्याबाहेर ठेवलेला. या तिघांच्या ठायी ज्ञानी पुरुष एकच आत्मतत्त्व पाहतो, हा अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु व्यवहारात उतरताना येथे एक शंका उपस्थित होते. दृष्टी सम असेल तर वागणूकही सम असावी काय? तिघांना एकाच गोठ्यात बांधावे, एकच अन्न घालावे, एकाच प्रकारे वागवावे, असा समदर्शनाचा अर्थ घ्यावयाचा काय?

तसा अर्थ घेणे म्हणजे तिघांवरही अन्याय करणे होय. दृष्टी एक असली तरी सेवा ज्याच्या त्याच्या प्रकृतीनुसारच करावी लागते. ही गोष्ट जितकी टीकाग्रंथांतून कळते, तितकीच ती एखादे नीट चालविलेले पशुआश्रयस्थान पाहिल्यानेही कळते. बंगळूर नगरीत आणि तिच्या आसपास गायीसाठी, हत्तीसाठी व कुत्र्यासाठीही अशी स्थाने आहेत, म्हणून तेथील उदाहरण येथे घेतले आहे.

आपल्याकडे अशा कार्याची परंपरा जुनी आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. तेव्हा पारशी समाज खवळून उठला, दंगा झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. पारशी आणि जैन यांनी मिळून केलेले हे कार्य होते. जो प्राणी कोणासही नको, त्यास मरेपर्यंत चारा व निवारा द्यावा, ही पांजरपोळाची मूळ कल्पना. ती थोर खरी. पण प्राणी आत घेतल्यावर त्याचे पुढे काय करावे, याचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने पुष्कळ उशिरा झाला.

बंगळूरची एक प्रमुख संस्था १९९१ साली स्थापन झाली. क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाई १९५९ मध्ये भारतात आल्या आणि उरलेले आयुष्य त्यांनी येथील पशूंच्या सेवेत घालविले. दिल्ली व जयपूर येथे संस्था उभारून झाल्यावर, ऐंशी वर्षे उलटलेल्या वयात, त्यांनी बंगळुरात 'कंपॅशन अनलिमिटेड प्लस ॲक्शन' ही संस्था काढली. १९९६ मध्ये त्या वारल्या. संस्थेच्या नावाचा अर्थ असा, की करुणा अमर्याद असावी आणि तिला कृतीची जोड असावी. नाव ठेवणाराने 'कृती' हा शब्द वेगळा काढून सांगितला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. करुणा प्राण्याला दारातून आत आणते; त्यानंतरचे सारे काम कृतीचे असते, आणि तेथेच पुष्कळ सद्भावी माणसे उणी पडतात.

प्रथम कुत्र्याचा विचार करू. रस्त्यावर सापडलेले पिल्लू आणून त्यास इतर पिल्लांत सोडणे, हे वरवर दयेचे कृत्य दिसते. वस्तुतः ते पुष्कळदा साऱ्या पिल्लांच्या मृत्यूचे कारण ठरते. पार्व्हो नावाच्या रोगात पिल्लास रक्ताची हगवण व ओकारी लागते आणि उपचार न मिळाल्यास ते काही दिवसांत दगावते. त्या रोगाचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतात. साध्या फिनेलने ते मरत नाहीत. त्यास ब्लीचिंग पावडरचे पाणी लागते, आणि तेही मातीच्या भुईवर निरुपयोगी ठरते. म्हणून जाणत्या आश्रयस्थानात पिल्लांच्या खोलीची फरशी धुता येईल अशी असते, नवा आलेला प्राणी सुमारे दोन आठवडे निराळा ठेवला जातो, त्याची भांडी निराळी असतात, आणि सेवक आधी निरोगी प्राण्यांचे काम उरकून मग आजाऱ्यांकडे जातो, उलट क्रमाने कधीही जात नाही. मांजरांच्या खोलीत तर फिनेल वर्ज्यच मानावे लागते, कारण ते त्यांच्या अंगी भिनून विषासारखे बाधते. झाडलोट करणाऱ्या सेवकाला हे ठाऊक नसेल, तर डॉक्टरांची विद्या तेथे व्यर्थ जाते.

अन्नाच्या बाबतीत एक अवघड प्रश्न आहे, आणि तो टाळणे योग्य नव्हे. आश्रयस्थानाच्या चुलीवर भाताबरोबर मांस किंवा अंडी शिजताना पाहून अनेक शाकाहारी गृहस्थांस संकोच वाटतो. काहीजण त्या कारणाने देणगी आखडती घेतात. कुत्र्याचे शरीर विचारपूर्वक योजलेल्या शाकाहारावर राहू शकते. मांजराचे राहू शकत नाही. टॉरिन नावाचे एक पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते मांसातूनच मिळते. त्याच्या अभावी मांजर आंधळे होते व त्याचे हृदय दुबळे पडते. अशा प्राण्यास दूध-भातावर ठेवणे म्हणजे आपला धर्म त्याच्या शरीरावर लादणे होय. ज्यास हे अन्न शिजविणे मनास पटत नाही, त्याने औषधासाठी, फरशीसाठी अथवा सेवकाच्या वेतनासाठी द्रव्य द्यावे. तेही तितकेच उपयोगी पडते.

कुत्र्यांच्या संख्येचा प्रश्न याहून मोठा आहे. २०२३ साली बंगळुरात झालेल्या गणनेत सुमारे २ लाख ७९ हजार रस्त्यावरची कुत्री आढळली. २०१९ मध्ये तीच संख्या सुमारे ३ लाख १० हजार होती. इतक्यांना कोंडून ठेवील असे आश्रयस्थान पृथ्वीवर कोठेही नाही. म्हणून २००१ च्या व त्यानंतरच्या २०२३ च्या नियमांनी मार्ग आखला, तो असा : कुत्रे धरावे, त्याची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस द्यावी, खूण म्हणून कानास खाच पाडावी, जखम भरून येईपर्यंत सांभाळावे, आणि जेथून आणले तेथेच नेऊन सोडावे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग सामान्यतः मान्य केला. रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांसारख्या आवारांतील कुत्री परत तेथे न सोडता आश्रयस्थानात ठेवावीत असा आदेश झाला. चावा सोसणाऱ्या मुलाची वेदना आणि मुक्या प्राण्याचे जीवित, ही दोन्ही खरी आहेत. एकाकडे पाहून दुसऱ्याकडे डोळेझाक करणारास समदर्शी म्हणता येणार नाही. परंतु कायम ठेवावयाच्या प्रत्येक कुत्र्यामागे जागा, माणूस आणि दहा-बारा वर्षांचा खर्च लागतो. एकाच पिंजऱ्यात अनोळखी कुत्री कोंबली, तर ती एकमेकांस फाडतात, आणि दुबळ्याच्या तोंडी अन्न पडत नाही. जागा भरली की 'नाही' म्हणणारे आश्रयस्थान लोकांस निष्ठुर वाटते. खरे पाहता जे कधीच 'नाही' म्हणत नाही, त्याच्या आतल्या भिंती एकदा पाहून याव्यात.

गायीची गोष्ट निराळी आहे. तिच्याविषयी भक्ती उदंड आहे, आणि तिला होणारा अपाय पुष्कळदा भक्तीतूनच होतो. सणाच्या दिवशी गोशाळेत टोपल्या भरभरून पुरणपोळ्या, भात, गूळ, शिळ्या पोळ्या येतात. गायीच्या पहिल्या कोठ्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात आणि तेच तिचा चारा पचवितात. त्यांना गवत-कडब्याची सवय असते. एकाएकी पुष्कळ शिजलेले धान्य वा गोड पडले की ते आंबते, कोठ्यात आम्ल साचते, रवंथ थांबतो, गाय बसते, आणि कधी कधी पुन्हा उठत नाही. तिला पोळी घालणाऱ्या हातास हे कळतही नाही. म्हणून सुज्ञ गोशाळाचालक दारात आलेले अन्न स्वतःच्या ताब्यात घेतात व चिमूटभर देऊन बाकीचे बाजूस ठेवतात. त्यावर कोणी रागावू नये. शहरात उकिरड्यावर चरणाऱ्या गायींच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या साचतात, त्या शस्त्रक्रिया करूनच काढाव्या लागतात. ती पिशवी गाठ मारून, आत शिळे अन्न घालून, घरातूनच बाहेर पडलेली असते.

२०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ देशभर पसरली, तेव्हा गोशाळांची खरी परीक्षा झाली. हा रोग माशा, डास व गोचिडांमार्फत पसरतो. ज्यांनी नवी जनावरे दूर बांधली, शेण-मूत्र वेळेवर हलविले व लस टोचून घेतली, त्यांची हानी कमी झाली. पुण्य चाऱ्यात आहे तसे ते शेण हलविण्यातही आहे. पण त्यासाठी देणगी देणारे क्वचितच भेटतात. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल व पात्र यांचा विचार सांगितला आहे. वैशाखात जेव्हा चारा महाग होतो व दाते आटतात, तो काल. आणि भाकड गाय व वासरू-गोऱ्हा, ज्यांच्याकडून परतफेड नाही, ते पात्र.

हत्तीस साखळी, सिमेंटची भुई आणि एकटेपणा या तीन गोष्टी मारतात. त्याच्या पायाचा तळवा माती तुडविण्यासाठी घडला आहे. वर्षानुवर्षे ओल्या कठीण फरशीवर उभे राहून तळव्यास भेगा पडतात, नखांच्या मुळाशी पू होतो, आणि एवढा प्रचंड देह पायाच्या रोगाने खचतो. दिवसाला शंभर-दीडशे किलो हिरवा चारा, डुंबण्यास पाणी, चालण्यास रान आणि सोबतीला दुसरा हत्ती, इतके त्यास हवे. बंगळूरपासून जवळच, कोलार जिल्ह्यातील मालूर येथे, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने बंदिवासातून सुटलेल्या हत्तींसाठी असे केंद्र चालविले आहे. तेथे पाहण्यासारखा चमत्कार काही नाही : हत्ती चालतो, धुळीने अंग माखतो, झाडास अंग घासतो.

वन्य प्राण्यांच्या सेवेत तर माया आवरणे हीच मोठी साधना असते. कर्नाटकात आषाढात पतंग उडतात, आणि काचेच्या भुकटीने माखलेल्या वा नायलॉनच्या दोऱ्यात घारींचे पंख चिरतात. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा मांजावर बंदी घातली, तरी तो मिळतोच. केंगेरीनजीकच्या वन्यजीव रुग्णालयात असे पक्षी येतात. तेथे त्यांना नावे ठेवून गोंजारणे योग्य नव्हे; माणसाची भीती गेलेला पक्षी बाहेर फार दिवस टिकत नाही. जो पुन्हा जगूच शकत नाही त्याचा निराळा विचार करावा लागतो. बन्नेरघट्टा येथील अस्वल आश्रयस्थान २००५ मध्ये सुरू झाले, आणि २००९ च्या अखेरीस देशातील शेवटचे नाचविले जाणारे अस्वल म्हणून गणले गेलेले 'राजू' तेथेच आणले गेले. तापलेल्या सुईने नाकाडे टोचलेल्या व दात तोडलेल्या या अस्वलांना रानात सोडणे म्हणजे उपाशी मारणे होते. म्हणून त्यांना मऊ पेज, फळे, चढण्यास ओंडके व निजण्यास गुहा देऊन आयुष्यभर ठेवावे लागते. त्यांना नाचवून पोट भरणाऱ्या कलंदर कुटुंबांनाही दुसरा धंदा लावून दिला गेला. तसे केले नसते तर एक अस्वल सुटून दुसरे पकडले गेले असते.

गृहस्थाश्रमी मनुष्याचा या स्थानांशी संबंध बहुधा दोन प्रसंगी येतो. एक, घरी वाढदिवस वा श्राद्ध असता काही देण्यासाठी; दुसरा, पाळलेला कुत्रा नकोसा झाला म्हणून. बदली झाली, घरी बाळ आले, घरमालक आक्षेप घेतो, अशी कारणे सांगितली जातात. आठ वर्षे घरात निजलेला कुत्रा पिंजऱ्यात ठेवल्यावर पुष्कळदा अन्न सोडतो, दाराकडे तोंड करून बसतो, आणि येणाऱ्या प्रत्येक पावलावर कान टवकारतो. औषधाने हे बरे होत नाही. म्हणूनच नव्या घरी कुत्रा देताना चांगल्या संस्था घरातील सर्वांशी बोलतात, घर पाहून येतात, नंतरही चौकशी करतात, आणि काही दिवसांनी जमत नाही असे वाटले तर कुत्रा रस्त्यावर न सोडता परत आमच्याकडेच आणावा, असे लिहून घेतात.