पियानो शिकणाऱ्यांची गोडी आणि प्रगती

पियानो शिकावयास आरंभ करणारी मुले पुष्कळ. चार-पाच वर्षे टिकून राहणारी फार थोडी. पहिल्या वर्षी नव्या वाद्याचे नवल असते आणि पाहुण्यांपुढे एक लहानशी गत वाजवून दाखविली की कौतुकही पदरी पडते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवल ओसरते, धडे लांबतात, दोन हातांना दोन निरनिराळी कामे एकाच वेळी करावी लागतात, आणि शिकवणीच्या दिवशी मुलाचे पोट दुखू लागते. घरची वडील मंडळी म्हणतात, "ह्याला गोडीच नाही." शिक्षक म्हणतात, "हा सराव करीत नाही." आमच्या मते ही दोन्ही विधाने अर्धवट होत. गोडी ही सरावापूर्वीच हजर असावयाची वस्तू नव्हे. आपले वादन कालच्यापेक्षा आज बरे झाले, हे मुलाच्या स्वतःच्या कानास कळले म्हणजे ती उत्पन्न होते. आणि ते कळेल अशी व्यवस्था करणे हे शिकविणाऱ्याचे मुख्य काम होय.

ही व्यवस्था कशी करावी, हे एका उदाहरणाने पाहू. बहुतेक नवशिक्यांच्या हाती केव्हा ना केव्हा जी मेजरमधील एक मिन्युएट येते. योहान सेबास्टियन बाख याची पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहीत ती आहे. पुष्कळ काळ ती बाखचीच समजली जात असे. पुढे ती ड्रेस्डेन येथील ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्सोल्ड याची ठरली. ह्या गतीचे ३२ बार आहेत, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले तीन-तीन मात्रांचे बत्तीस भाग. पहिल्या दोन बारांत उजवा हात एकाच जागी राहून पाच बोटांत काम भागवितो. तिसऱ्या बारास त्याला जागा बदलावी लागते, आणि मूल अडखळते ते बहुधा येथेच. अडखळले की ते काय करते? पुन्हा पहिल्या स्वरापासून आरंभ करते. अर्ध्या तासात पहिले दोन बार पंचवीस वेळा बरोबर वाजतात आणि तो जोड पंचवीस वेळा चुकतो. चुकीचेच असे पक्के पाठांतर झाल्यावर मूल कंटाळून उठले तर दोष गोडीचा कसा?

अशा वेळी बाकीचे सारे बाजूस ठेवून तेवढा जोडच घ्यावा. दुसऱ्या बाराचा शेवटचा स्वर आणि तिसऱ्याचा पहिला, असे दोनच स्वर, एकट्या उजव्या हाताने, चूक होणेच अशक्य व्हावे इतक्या सावकाश. मग अलीकडचा एक बार जोडावा, मग पलीकडचा. डावा हात निराळा बसवावा आणि त्यानंतर दोन्ही हात एकत्र आणावे; एकत्र आणताना लय पुन्हा निम्म्यावर उतरवावी, हे मात्र मुलांस कधीच आवडत नाही व तेथे शिक्षकाने ठाम राहिले पाहिजे. एवढ्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि उठताना मुलापाशी काल नव्हते असे काहीतरी असते.

ते टिपूनही ठेवावे. मेल्त्सेल याने १८१५ मध्ये पेटंट घेतलेले मेट्रोनोम हे यंत्र मिनिटाला किती ठोके ते सांगते. एखादा तुकडा आज ६० ठोक्यांवर बिनचूक वाजला तर वहीत तो आकडा लिहावा. पुढल्या शनिवारी तेथे ६६ आला तर कोणी शाबासकी दिली नाही तरी चालते. हल्ली घरोघरी मोबाइल असल्यामुळे एक गत महिन्याच्या आरंभी व अखेरीस ध्वनिमुद्रित करून दोन्ही एकापाठोपाठ ऐकविणेही सोपे झाले आहे. आकड्याची छडी मात्र करू नये.

गतींच्या निवडीविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. रॉबर्ट शूमान याने १८४८ मध्ये आपली थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठी काही लहान गती लिहिल्या; त्यांतूनच पुढे ४३ गतींचे त्याचे मुलांसाठीचे पुस्तक तयार झाले. त्यात उधळलेल्या घोडेस्वाराची एक गत आहे. तिची चाल प्रथम उजव्या हातात असते, मध्यभागी ती डाव्या हाताकडे जाते आणि पुन्हा उजवीकडे येते. जो डावा हात व्यायामाची दहा पाने करूनही जागा होत नाही, तो येथे घोड्यावर बसावयास मिळते म्हणून आपण होऊन कामाला लागतो. हंगेरीच्या बेला बार्टोक याने तर १९२६ ते १९३९ या काळात सोप्यापासून कठीणापर्यंत चढत जाणाऱ्या १५३ गती रचल्या आणि पहिले दोन भाग आपल्या पेटर ह्या मुलास अर्पण केले. ज्यांच्यापाशी मोठमोठ्या रचनांची वाण नव्हती अशा पुरुषांनी लहान बोटांसाठी एवढा वेळ खर्चिला. आणि आपल्याकडे कित्येक ठिकाणी वर्षभर परीक्षेच्या तीन गती तेवढ्या घोटल्या जातात! १८८९ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या असोशिएटेड बोर्डासारख्या संस्थांच्या श्रेणी-परीक्षांवर आमचा राग नाही. तारीख ठरली की आळशी विद्यार्थीही जागा होतो. परंतु वर्षात तीनच गती शिकलेल्या मुलास चौथी स्वतः वाचता येत नाही, आणि वाचता न येणाऱ्यास वाद्यापाशी एकट्याने बसण्यात काय सुख? म्हणून आपल्या श्रेणीहून दोन पायऱ्या खालची एक नवी गत प्रत्येक आठवड्यास नुसती वाचून वाजवावी आणि सोडून द्यावी.

पालकांसाठी एवढेच की रोजची वीस मिनिटे रविवारच्या दोन तासांहून बरी, आणि स्वयंपाकघरातून "चुकले!" म्हणून ओरडण्यापेक्षा पाच मिनिटे जवळ येऊन बसणे बरे. "छान" ह्या शब्दाने मुलास काहीच कळत नाही. "आज मधला भाग अडखळला नाही," असे म्हटले तर कळते. शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेत गीताचे एक कडवे वाजविण्याचे काम मुलाकडे दिल्यास ते त्या कडव्यासाठी जितके बसते, तितके सांगून बसत नाही.

राहता राहिले वाद्य. मुंबईच्या किंवा कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत पियानोचे लाकूड व नमदा दमट होऊन फुगतात, दाबलेली पट्टी वर येत नाही, तारांस गंज चढतो. सुमारे २३० तारांपैकी थोड्या जरी उतरल्या तरी बरोबर वाजविलेले बेसूर ऐकू येते, आणि मूल समजते की चूक आपलीच. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्याचे मन अकस्मात उडाले तर शिक्षकाने त्याच्या घरी जाऊन आधी त्याच्या पियानोच्या पट्ट्या एकेक दाबून पाहाव्यात. हवा कोरडी झाली म्हणजे सूर जुळविणाऱ्यास बोलावता येईल. तोपर्यंत चिकटलेली पट्टी जिच्यात लागत नाही अशी एखादी गत शोधून द्यावी.