मॅनेजर व्हायचंय? आधी टीम बघा!



मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी अभ्यासपूर्ण लिही" असं फर्मान सोडलं तेव्हा मी गारच पडलो. एक तर मी कॉन्व्हेंटवाला, रफार कुठे द्यायचा याची अजून भीती वाटते. त्यात अभ्यास हा आपला प्रांत नाही, हे आमच्या विभागातले सर-मॅडम आनंदाने सांगतील! मग विचार केला, गेली दोन वर्षं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून ज्या एकमेव विषयाचा मी मनापासून अभ्यास केला, त्यावरच लिहावं. विषय आहे 'फुटबॉल मॅनेजर' हा गेम आणि त्यात आपली मॅनेजमेंट स्टाईल कशी निवडायची.

ज्यांना हा गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात आपण बॉलला पाय लावत नाही. आपण क्लबचे मॅनेजर. खेळाडू घेणं, विकणं, सराव, डावपेच, हाफ-टाइमला टीमला चार शब्द सुनावणं, हे सगळं आपल्याकडे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लिश भावांनी 1992 मध्ये 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आणला. 2004 पासून त्यांच्या कंपनीचा गेम 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने येऊ लागला. प्रत्येक खेळाडूच्या पासिंगपासून जिद्दीपर्यंत गुणांना 1 ते 20 असे मार्क. (इंटर्नल मार्क्ससारखेच, फक्त इथे सबमिशन नाही.)

पहिला धडा : हिरोची कॉपी करू नका

मी युर्गेन क्लॉपचा भक्त. त्याच्या डॉर्टमुंडने 2011 आणि 2012 अशी सलग दोन वर्षं जर्मन लीग जिंकली ती 'गेगेनप्रेस'च्या जोरावर. म्हणजे बॉल गेला की मागे पळायचं नाही, तिथेच झडप घालून तो परत मिळवायचा. गेममध्ये ही स्टाईल तयार मिळते, एक क्लिक केलं की झालं.

मी इंग्लंडच्या चौथ्या पायरीवरचा, म्हणजे लीग टू मधला, एक छोटा क्लब घेतला आणि केलं क्लिक. पहिले पाच सामने मस्त. पुढे मात्र शेवटच्या वीस मिनिटांत गोल खायची सवयच लागली. डिसेंबरपर्यंत निम्मी टीम जखमी आणि जानेवारीत बोर्डाने हातात नारळ दिला!

त्या रात्री चिडून सगळे आकडे बघितले. झडप घालायला लागतो दम, मेहनत आणि एकमेकांसाठी पळायची तयारी. माझ्या मिडफिल्डरांचे त्यातले मार्क सात-आठ. शिवाय जर्मन लीगमध्ये एका संघाचे 34 सामने, लीग टू मध्ये 46, कप वेगळेच. शनिवारी सामना, मंगळवारी परत सामना. डिझेल इंजिनाला रेसिंगला लावल्यावर दुसरं काय होणार?

म्हणून आधी टीमची यादी घेऊन बसा. वेग कुणाकडे, उंची कुणाकडे, पास कुणाला जमतो, हे लिहून काढा. मग स्टाईल निवडा. आणि निवडलीत की दर हरलेल्या सामन्यानंतर बदलू नका. नवीन डावपेच अंगवळणी पडायला टीमला वेळ लागतो, गेम तोही मोजतो.

याचं खरं उदाहरण म्हणजे लेस्टर सिटी. 2015-16 मध्ये क्लाउडिओ रानिएरीने बॉल बहुतेक वेळ समोरच्यांकडेच राहू दिला. त्याच्याकडे बॉल हिसकावणारा कांटे होता आणि मोकळ्या जागेत सुसाट सुटणारा वार्डी होता. जे आहे त्यातून त्याने स्टाईल काढली. सीझनच्या सुरुवातीला सट्टेवाले 5000 ला 1 भाव देत होते. शेवटी लेस्टर दहा गुणांच्या फरकाने इंग्लंडचा चॅम्पियन.

दुसरा धडा : ड्रेसिंग रूम

स्टाईल म्हणजे फक्त मैदानावरची आखणी नव्हे, बोलायची पद्धतसुद्धा. गेममध्ये टीमशी शांतपणे बोलता येतं, ठासून बोलता येतं, आवाज चढवूनही. एकाच झापण्याने एक खेळाडू पेटून उठतो, दुसरा खचतो. आणि टीमचा जो पुढारी असतो, त्याला दुखावलं की त्याच्या गटातले सगळे तोंड फिरवतात.

ब्रायन क्लफने 1972 मध्ये डर्बीला लीग जिंकून दिली होती. 1974 मध्ये तो लीड्सला आला, जो त्या वेळचा चॅम्पियन संघ. आल्या आल्या त्याने, तुमची मेडल्स कचऱ्यात टाका, ती फसवून जिंकलेली आहेत, अशा अर्थाचं सुनावलं, असं तिथल्या खेळाडूंनी पुढे सांगितलं. सहा लीग सामन्यांत एक विजय आणि 44 दिवसांत नारळ. तोच क्लफ नंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला आणि 1979 व 1980 मध्ये सलग दोन युरोपियन कप घेऊन आला. माणूस तोच, जीभही तीच. समोरची माणसं वेगळी होती.

तिसरा धडा : हा गेममध्ये नाही

गेल्या वर्षी टेक-फेस्टला आमच्या रोबो टीमचा मी लीडर होतो. ट्रायलमध्ये रोबो जागचा हलला नाही. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला, अगदी क्लॉपसारखा (असं मला वाटलं). दोघं-तिघं कामाला लागले. पण सोल्डरिंग करणारा एक ज्युनिअर काहीच बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. अख्खं सर्किट फक्त त्यालाच माहीत होतं.

मी त्याच्या रूमवर गेलो. तो म्हणाला, "सर, बोर्डातला फॉल्ट मी आदल्या रात्रीच सांगणार होतो. तुम्ही मॅच खेळत होतात."

मी 'सॉरी' म्हटलं. तो आला, त्याने बोर्ड दुरुस्त केला, रोबो चाललासुद्धा. पण त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. लीग टू मधल्या बावीस पोरांचे मार्क मला तोंडपाठ होते, आणि शेजारच्या विंगमधला एक मुलगा चारचौघांत झापलं की मिटतो हे मला ठाऊक नव्हतं. माणसांच्या पाठीवर आकडे लिहिलेले नसतात, ते बसून, बोलून काढावे लागतात.

गेममध्ये हरलो की मी जुना सेव्ह उघडून तोच सामना परत खेळायचो. ट्रायलच्या त्या संध्याकाळचा सेव्ह माझ्याकडे नाही.

तेव्हा दोस्तांनो, गेम जरूर खेळा. पण कुणी दार वाजवलं, तर आधी पॉजचं बटण दाबा आणि दार उघडा.

(शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, ही विनंती!)