उष्णतेवर चालणारे स्पिन

तांबे व बिस्मथ यांच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडून एकच सांधा तापवला, तर जवळच्या होकायंत्राची सुई हलते. १८२१ साली सीबेक यांना वाटले, उष्णतेनेच चुंबकत्व उपजले! खरे कारण पट्ट्यांतून वाहणारा विद्युतप्रवाह, हे अर्स्टेड यांनी ओळखले.

मग विद्युतरोधक तापवला तर? त्यातून प्रवाह वाहणारच नाही. तरीही २०१० साली जपानमध्ये उचिदा, साइतोह व सहकाऱ्यांनी यट्रियम-लोह गार्नेट या चुंबकीय विद्युतरोधकाची एक बाजू तापवली, तेव्हा त्यावरील प्लॅटिनमच्या पट्टीत काही मायक्रोव्होल्ट विभवांतर मिळाले. हे कसे? गार्नेटमधील लोहाचा प्रत्येक अणू हा चिमुकला चुंबकच. उष्णतेने तो भोवऱ्यासारखा डोलतो आणि ते डोलणे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे लाटेसारखे जाते. इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. पुढे जाते ते केवळ स्पिन. नवल आहे ते येथेच. प्लॅटिनममधील इलेक्ट्रॉन ते स्पिन घेतात व एका कडेला वळतात.

संगणकाच्या चुंबकीय स्मृतीत विद्युतरोधक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा असतो. नोंद करताना प्रवाहाने तो तापतो. उष्णता फार वाढली तर शेजारच्या थराचे चुंबकत्व उलटून नोंद बिघडते. हीच उष्णता स्पिन ढकलण्याच्या कामी लावता येईल काय, याचा शोध चालू आहे.